सरासरी चाल

सरासरी चाल : कापलेल्या एकूण अंतराला त्यासाठी लागलेल्या एकूण वेळेने भागले की सरासरी चाल मिळते. वाटेतले थांबे, सिग्नलला गेलेली मिनिटे, सगळे वेळेत धरायचे.

1 जून 1930 रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन मुंबई ते पुणे हे 192 किमी अंतर साधारण सव्वातीन तासांत कापते. 192 ÷ 3.25 म्हणजे ताशी सुमारे 59 किमी. इथे 3 तास 15 मिनिटे हे 3.15 असे लिहिले की उत्तर 61 च्या घरात जाते. शाळकरी गणितातली ही नेहमीची चूक. मिनिटांना आधी 60 ने भागावे, मग तासांत मिळवावे.

याच वाटेवर कर्जत ते लोणावळा हा 28 किमीचा बोरघाट आहे. चढ 37 ला 1 (37 मीटर गेल्यावर 1 मीटर उंची) इतका तीव्र, त्यामुळे कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडावी लागतात. घाटाला पाऊण तास धरला तर तिथली चाल ताशी 37 किमी येते. उरलेल्या 164 किमीला अडीच तास, म्हणजे ताशी 66 च्या आसपास. आता या दोन चालींची बेरीज करून निम्मी केली तर साडेएक्कावन्न येतात, आणि ते साफ चुकीचे आहे. गाडी घाटात पाऊणच तास असते, बाहेर अडीच तास; ज्या चालीने जास्त वेळ गेला, तिचे वजन जास्त.

दोन्ही चालींना सारखाच वेळ दिला असेल तरच त्यांची साधी सरासरी चालते. अंतरे सारखी असली तर नाही. 120 किमी जाताना ताशी 40 आणि येताना ताशी 60 : तीन तास अधिक दोन तास, 240 ÷ 5 = 48; पन्नास नव्हे. सूत्रात, क आणि ख या दोन चाली धरल्या तर 2कख ÷ (क + ख). याचा एक परिणाम पहिल्यांदा पटतच नाही : निम्मे अंतर ताशी 30 ने गेल्यावर पूर्ण प्रवासाची सरासरी 60 करणे अशक्य असते, कारण त्यासाठीचा सगळा वेळ पहिल्या निम्म्यातच संपलेला असतो.

बोलताना आपण ‘सरासरी वेग’ म्हणतो, पण भौतिकशास्त्रात वेगाला दिशा असते. गाडी मुंबईला जाऊन पुण्यात परतली की विस्थापन (निघाल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचे सरळ अंतर) शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. सरासरी चाल मात्र शून्य नसते.

मीटर प्रति सेकंदला 18/5 ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. उसेन बोल्टने 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले : सरासरी 10.44 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 37.6 किमी. शर्यतीच्या उत्तरार्धात त्याची चाल ताशी 44 किमीच्या वर गेली होती; सुरुवात स्थिर अवस्थेतून असल्याने सरासरी त्याहून बरीच खाली राहिली.