अध्यात्मरूपक

धर्मग्रंथातील पात्रे, स्थळे आणि प्रसंग ही आपल्याच अंतरंगातील वृत्तींची चिन्हे आहेत, असे धरून ग्रंथ वाचण्याची व सांगण्याची रीत. तिचे बीज उपनिषदांत सापडते. कठोपनिषदात आत्मा हा रथाचा स्वामी, शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. पुढे संतांनी हीच दृष्टी अख्ख्या कथांना लावली. तुलसीदासांच्या ‘विनयपत्रिके’त प्रवृत्ती लंकेचा दुर्ग होते आणि मोह रावण.

मराठीत या रीतीचे सर्वांत समृद्ध रूप पैठणच्या संत एकनाथांकडे (१५३३–१५९९) दिसते. त्यांच्या ‘भावार्थ रामायणा’त अजाचा पुत्र दशरथ म्हणजे दहा इंद्रियांचा धनी. कौसल्या ही सद्विद्या, सुमित्रा शुद्ध बुद्धी, कैकेयी अविद्या, तर तिच्या कानाशी लागलेली मंथरा कुविद्या. लक्ष्मण हा आत्मप्रबोध, शत्रुघ्न निजनिर्धार आणि राम आनंदस्वरूप. भरताला नाथ ‘भावार्थ’ म्हणतात. ग्रंथाच्या नावातलाच शब्द त्यांनी, गादी नाकारून पादुका पुजणाऱ्या भावाला दिला, हे वाचताना थांबून पाहण्याजोगे आहे.

या मांडणीने ऐकणाऱ्यावरच जबाबदारी येते. अविद्या घरातलीच एक राणी असेल आणि तिचे इंद्रियांवर वजन असेल, तर रामाला वनात धाडणारे घर आपलेच ठरते. मग कैकेयीला बोल लावून सुटता येत नाही. मंथरा आपल्या कानात काय सांगते, हे ज्याचे त्याला तपासावे लागते. तरीही नाथ कथा पुसून टाकत नाहीत. युद्धे, विलाप, वानरांचे खेळ हे सारे ते रंगवून सांगतात. प्रत्येक ओवीत गूढार्थ शोधणारा वाचक म्हणूनच या ग्रंथाचा अर्धा आनंद गमावतो. परंपरेनुसार युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंतची रचना नाथांची असून उरलेला भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला.

भारुडांत नाथांनी हीच दृष्टी पोथीतून चव्हाट्यावर आणली. ‘विंचू चावला’मध्ये काम-क्रोधाचा विंचू डसतो आणि उतारा म्हणून सत्त्वगुणाचा अंगारा लावायला सांगितला जातो. ऐकणारा आधी हसतो, मग आपल्याच अंगातली वेदना ओळखतो.

१५७१ मध्ये वाराणसीत पूर्ण झालेल्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’त कृष्ण-रुक्मिणीचा विवाह हे जीव-शिवाच्या ऐक्याचे रूपक आहे. याच पोथीचे पारायण महाराष्ट्रात लग्न जुळावे म्हणूनही केले जाते. एकाच ओव्यांत एकीला वर हवा असतो, दुसऱ्याला मोक्ष. पोथी दोघांनाही हाती धरू देते.