विमानाने मोजलेली हवा आणि मॉडेलने सांगितलेली हवा

वायुप्रदूषणावरच्या संशोधनात एक आलेख हमखास भेटतो. उभ्या अक्षावर उंची, आडव्या अक्षावर ओझोनचं प्रमाण. काळे ठिपके विमानातल्या मोजणीचे, लाल रेषा मॉडेलची, म्हणजे हवेचं रसायन संगणकावर मांडणाऱ्या गणिताची. एकक दोन्हींचं एकच, पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत किती भाग). मग ठिपके म्हणजे सत्य, रेषा म्हणजे अंदाज आणि मधलं अंतर म्हणजे मॉडेलची चूक, असं धरून वाचक पुढे जातो. हे वाचन घाईचं आहे, कारण मुळात हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नसतात.

विमान मोजतं ती हवेची एक बारीक रेघ. नासाच्या, २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या डीसी-८ या संशोधन विमानासारखं विमान सेकंदाला साधारण २०० मीटर वेगाने जातं आणि त्यातली बरीच यंत्रं दर सेकंदाला एक आकडा देतात. औष्णिक वीजकेंद्राच्या धुराचा दोन किलोमीटरचा पट्टा दहा सेकंदांत मागे पडतो. मॉडेल सांगतं ती मात्र हवेच्या एका मोठ्या ठोकळ्याची सरासरी, समजा २५ किलोमीटर बाजूच्या. तोच धूर तिथे ठोकळाभर पसरलेला धरला जातो. त्यामुळे आकडा तर सौम्य होतोच, रसायनही बदलतं. ताज्या, दाट धुरात नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतं. धूर पातळ झाला की नायट्रोजन ऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे ओझोन जास्त तयार होतो.

वाऱ्याची दिशा मॉडेलमध्ये थोडी जरी चुकली तरी धुराचा पट्टा भलत्याच ठिकाणी पडतो. म्हणून मॉडेलमधून विमानाच्या नेमक्या मार्गावरचे, त्याच वेळेचे आकडे काढले, तरी ठिपक्याला ठिपका जुळवण्यात फारसा अर्थ नसतो. उंचीच्या थरांनुसार मध्यक घेऊन केलेली तुलना जास्त बोलकी ठरते.

शिवाय मोजणी म्हणजे निखळ सत्य असंही नाही. दहा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५० अंशांची थंडी असते. ती हवा नळीतून उबदार केबिनमध्ये आली की पेरॉक्सिनायट्रिक आम्लासारखी नाजूक संयुगं वाटेतच फुटतात आणि त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो. यंत्र तोही मोजतं. अशा वेळी मॉडेल कमी दाखवतंय असं वाटतं, पण जादा रेणू नळीतच जन्मलेले असतात.

या गुंत्याचं मला सर्वांत शिकवणारं वाटणारं उदाहरण हायड्रॉक्सिल मूलकाचं, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एका अतिशय क्रियाशील कणाचं. हवेतली बहुतेक प्रदूषकं हाच मूलक फोडतो आणि स्वतः सेकंदभरही टिकत नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये सुरिनाम परिसरातल्या वर्षावनावरून उडालेल्या विमानाला तो मॉडेलच्या कितीतरी पट सापडला. झाडांतून निघणारं आयसोप्रीन त्याला संपवतं, तरी तो शिल्लक कसा? पुढे कळलं की आयसोप्रीनच्या विघटनात काही वाटांनी तो परत तयार होतो, आणि त्या वाटा मॉडेलमध्ये नव्हत्या. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅलिफोर्नियातल्या जंगलातल्या जमिनीवरच्या प्रयोगाने दुसरी बाजूही दाखवली: विमानातल्या यंत्राच्याच तत्त्वावरच्या एका यंत्रात, बाहेरचा मूलक आत येण्याआधीच नष्ट केला तरी बराचसा संकेत उरत होता. म्हणजे तो यंत्रातच तयार होत होता. मॉडेल अपुरं होतं, आणि मोजणीवरही शंका घ्यायला जागा होती.

आकडे जुळले म्हणून निर्धास्त होता येत नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात २०१३ च्या उन्हाळ्यात डीसी-८ने मोजणी केली. जिओस-केम मॉडेल जमिनीलगतचा ओझोन जास्त दाखवत होतं, म्हणून संशोधकांनी उत्सर्जनाची सरकारी आकडेवारी तपासली. वाहनं आणि उद्योगांमधून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड्स त्यात बरेच फुगवलेले निघाले. ते कमी केल्यावर विमानाने मोजलेला ओझोन मॉडेलशी छान जुळला, पण जमिनीवरच्या केंद्रांवर मॉडेलचा आकडा तरीही जास्तच राहिला. फुग्यांसोबत सोडलेल्या ओझोनमापकांनी कारणाचा माग दिला: दीड किलोमीटरवरून जमिनीकडे येताना ओझोन कमी होत जात होता आणि ही घट मॉडेलमध्ये उमटतच नव्हती; मॉडेल वरची-खालची हवा प्रमाणाबाहेर ढवळत असावं, हे त्याचं एक संभाव्य कारण.