सर्वांत यशस्वी आणि सर्वश्रेष्ठ: अमेरिकन फुटबॉलमधली एक जुनी गल्लत

दर फेब्रुवारीत अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, संपतो, दिवाणखान्यातल्या बशा आवरल्या जातात आणि अमेरिकेतल्या मराठी घरांतही तोच वाद नव्याने सुरू होतो: या खेळातला आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? मग कोणीतरी "टॉम ब्रेडी, सात अंगठ्या, झालं!" असे म्हणून सर्वांना गप्प करतो. विजेत्या संघातील प्रत्येकाला अंगठी मिळते, त्यामुळे अंगठी म्हणजे विजेतेपद. मला या उत्तरातल्या नावाबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यामागच्या कारणाबद्दल. सात अंगठ्यांवरून ब्रेडी सर्वांत यशस्वी ठरतो, तो सर्वश्रेष्ठ आहे की नाही ते ठरत नाही, आणि हे दोन प्रश्न एकच आहेत असे समजून गेली कित्येक वर्षे लोक याद्या करत आहेत.

यशाची बाजू बहुतेकांना पाठ असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. 2000 सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, 199 व्या क्रमांकावर निवडला गेलेला हा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) 23 हंगाम टिकला, न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून सहा आणि टँपा बे बुकेनिअर्सकडून एक अशी सात विजेतेपदे त्याने मिळवली, आणि नियमित हंगामांत 89,214 यार्डांचे पास व 649 टचडाऊन पास नोंदवले (यार्ड म्हणजे चेंडू पुढे नेलेले अंतर, टचडाऊन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे). यात वाद घालण्यासारखे काही नाही.

गल्लत होते ती खेळाची रचना विसरल्यामुळे. क्रिकेटमध्ये सलामीचा फलंदाज दुसऱ्या डावात निदान क्षेत्ररक्षणाला तरी उतरतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे आणि किकसाठी येणारा ताफाही जवळजवळ वेगळाच असतो. प्रतिस्पर्ध्याच्या हाती चेंडू असताना क्वार्टरबॅक शिरस्त्राण काढून सीमारेषेबाहेर बाकावर बसलेला असतो, म्हणजे अंतिम धावफलकाचा निम्मा भाग अशा माणसांनी लिहिलेला असतो की ज्यांच्यासोबत तो सामन्यात एकदाही मैदानावर उभा राहिलेला नसतो. असे असूनही विजय-पराजयाचा हिशेब मात्र त्याच्याच नावावर मांडला जातो.

ब्रेडीचेच तीन अंतिम सामने शेजारी शेजारी ठेवून पाहा. फेब्रुवारी 2015 मध्ये सिएटलविरुद्ध त्याने चार टचडाऊन पास दिले आणि सामन्याच्या शेवटच्या पाव भागात दहा गुणांची पिछाडी भरून काढली. हा खेळ त्याचा स्वतःचा, त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना सिएटल टचडाऊनपासून एका यार्डावर येऊन ठेपले होते आणि ब्रेडी बाकावर होता. सिएटलने चेंडू धावणाऱ्याच्या हाती देण्याऐवजी फेकला, माल्कम बटलर नावाच्या, ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेल्या नवख्या बचावपटूने तो पास मधेच हिसकावला आणि सामना 28-24 असा संपला. बटलर अर्धे पाऊल उशिरा पोहोचला असता, तर ब्रेडीचा त्या दिवशीचा खेळ तसूभरही बदलला नसता, पण अंगठी गेली असती.

फेब्रुवारी 2018 मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध ब्रेडीने 505 यार्ड आणि तीन टचडाऊन पास अशी कामगिरी केली आणि संघ 41-33 असा हरला. (त्या दिवशी त्याच बटलरला प्रशिक्षकांनी बचावात एकदाही उतरवले नाही; का, यावर आजही वाद होतो.) वर्षभराने लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्याच ब्रेडीच्या नावावर 262 यार्ड, एक इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने हिसकावलेला पास) आणि टचडाऊन पासच्या रकान्यात शून्य होते, आणि बचावफळीने रॅम्सना तीन गुणांवर रोखल्यामुळे संघ 13-3 असा जिंकला. अंगठ्या मोजणाऱ्याच्या वहीत यांतला रॅम्सविरुद्धचा सामना जमा होतो आणि फिलाडेल्फियाविरुद्धचा वजा. खेळ पाहणाऱ्याने नेमके उलटे करायला हवे. डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याचीही हीच गोष्ट आहे: 2013 मध्ये 5,477 यार्ड आणि 55 टचडाऊन पासचा विक्रम करून तो अंतिम सामन्यात 43-8 असा चिरडला गेला, तर 2015 च्या हंगामात 9 टचडाऊन पास आणि 17 इंटरसेप्शन अशा थकलेल्या खेळानंतर डेन्व्हरच्या बचावाने त्याला अंगठी मिळवून दिली.

शिवाय सुपर बोल सुरू झाला तो जानेवारी 1967 मध्ये. विजेतेपदे हाच निकष असेल, तर क्लीव्हलंडचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम याने 1946 ते 1955 या दहा हंगामांत दहाही वेळा अंतिम सामना गाठून सात जिंकले होते. अंगठ्यांचा हिशेब मांडणाऱ्यांच्या तोंडी त्याचे नाव मी क्वचितच ऐकले आहे.

रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या, बाबतीत हाच फरक आणखी स्वच्छ दिसतो. डॅलसचा एमिट स्मिथ: 18,355 यार्डांचा विक्रम, तीन अंगठ्या. डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स: 15,269 यार्ड, बादफेरीत सारा मिळून एक विजय, अंगठी नाही. पण एमिटने चेंडू घेऊन 4,409 वेळा धाव घेतली आणि बॅरीने 3,062 वेळा; दर धावेमागे एमिटला 4.2 यार्ड मिळाले आणि बॅरीला 5. एमिटच्या पुढे लॅरी ॲलन आणि नेट न्यूटन यांच्यासारखे लाइनमन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवणारे आघाडीचे खेळाडू, भिंतीसारखे चालत असत आणि चेंडू हाती येण्याआधीच त्याच्यासाठी वाट उघडलेली असे. बॅरीला बऱ्याचदा चेंडू मिळताक्षणी समोर दोन माणसे दिसत. तो जागच्या जागी थांबे, पाय रोवून बाजूला उडी घेई, मागे वळून दुसऱ्याच टोकाने निसटे. 1997 मध्ये पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याला जेमतेम 53 यार्ड मिळाले, आणि उरलेल्या चौदा सामन्यांत त्याने बरोबर 2,000 यार्ड काढले. त्याचे वाईट दिवसही तितकेच वाईट असत: 1994 च्या बादफेरीत ग्रीन बेने त्याला 13 धावांत उणे 1 यार्डावर जखडून ठेवले होते. एमिटचे मोल मी कमी लेखत नाही. 1993 मध्ये कराराच्या वादामुळे तो पहिले दोन सामने खेळला नाही आणि डॅलसने ते दोन्ही गमावले. तरीही दोघांपैकी श्रेष्ठ धावणारा कोण, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारले तरी मी बॅरीच म्हणेन.

हंगामांची लांबी ही त्यामानाने किरकोळ बाब आहे. 1960 पर्यंत 12 सामने, मग 14, 1978 पासून 16 आणि 2021 पासून 17, एवढे लक्षात ठेवले की कारकिर्दीच्या बेरजा आपोआप जागेवर येतात आणि दर सामन्याची सरासरी पाहावी लागते. क्लीव्हलंडचा रनिंग बॅक जिम ब्राऊन याने 1957 ते 1965 या नऊ हंगामांत एकही सामना न चुकवता 118 सामन्यांत 12,312 यार्ड काढले, म्हणजे सामन्यामागे 104.3. नऊपैकी आठ हंगामांत तो सर्वाधिक यार्ड मिळवणारा ठरला आणि तिशीतच खेळ सोडून गेला. विजेतेपद एकच, 1964 चे.

म्हणून माझ्या यादीत जिम ब्राऊन पहिला. दुसरा जेरी राईस, कारण रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, म्हणून त्याचे 22,895 यार्ड दुसऱ्या क्रमांकावरील लॅरी फिट्झजेराल्डपेक्षा पाच हजारांहून अधिक आहेत. तिसरा लॉरेन्स टेलर. क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणे, म्हणजे सॅक, अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली 1982 मध्ये, त्यामुळे त्याचा पहिला हंगाम आकड्यांतून गळतो, पण 1986 मध्ये बचावपटू असूनही तो हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्यानंतर हा मान दुसऱ्या बचावपटूला मिळालेला नाही. ब्रेडी चौथा, आणि तोही 505 यार्डांच्या त्या पराभवासकट. पाचव्या जागी मी सिनसिनाटीचा लेफ्ट टॅकल अँथनी मुनोझ याला ठेवतो, आणि इथे लोक हटकून हसतात, कारण याद्यांत लाइनमन घालण्याची कोणाला सवयच नाही. त्याच्या नावावर मोजण्यासारखे यार्ड नाहीत. क्वार्टरबॅकच्या डाव्या, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या आंधळ्या बाजूने येणाऱ्याला अडवणे एवढेच त्याचे काम होते, आणि ते त्याने 1980 ते 1992 इतक्या निर्दोषपणे केले की अकरा वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली. दोनदा तो सुपर बोलला पोहोचला आणि दोन्ही वेळा सॅन फ्रान्सिस्कोकडून हरून, अंगठीविना परतला.