उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवावी का?
मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की टायर फुटू नये म्हणून हवा चार-पाच पॉइंट कमी ठेवण्याचा सल्ला खानदेशात वर्षानुवर्षे दिला जातो. हा सल्ला चुकीचा आहे आणि वेगवान गाडीसाठी तर धोक्याचाच आहे.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, या सततच्या दबण्या-उभारण्याने रबर आतून तापते, आणि धुळे-जळगाव महामार्गावर बराच वेळ वेगात चालल्यावर हीच उष्णता टायरचे थर सुटण्यास व तो फुटण्यास कारणीभूत ठरते. चालताना दाब काही पॉइंट वाढतो हे खरे. पण ती वाढ गृहीत धरूनच कंपनीने थंड टायरचा दाब ठरवलेला असतो. तो आकडा बहुधा चालकाच्या दाराजवळील खांबावर छापलेला असतो. हवा सकाळी, गाडी काढण्यापूर्वी तपासावी. तापलेल्या टायरमधून ती मुळीच सोडू नये.

स्पोर्टी गाडीच्या टायरवर ‘२२५/४० आर१८ ९२वाय’ असे लिहिलेले असेल, तर बाजूची उंची २२५ मिलिमीटर रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे अवघी ९० मिलिमीटर असते. अशा टायरमध्ये हवा कमी असताना खड्डा लागला, तर रिमच वाकू शकते. ‘९२’ म्हणजे प्रति टायर ६३० किलो भार आणि ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० किलोमीटरची वेगमर्यादा. या दोन्ही क्षमता दाब योग्य असेल तरच लागू होतात. म्हणून उन्हाळ्याची काळजी वाटत असेल, तर हवा कमी करण्याऐवजी कंपनीने सांगितलेल्या भार-वेग श्रेणीचा, अलीकडे तयार झालेला टायर निवडावा. टायरवरील ‘२३२४’ हा चार अंकी शिक्का तो २०२४ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाल्याचे दर्शवतो.