वस्तीतला मंच आणि त्याच्या मागचा चौक

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतल्या समाजभवनात दिवाळीनंतर नाटकांचा नवा हंगाम सुरू होतो आहे. विषय ठरले आहेत: गटारात उतरणारे सफाई कामगार, नापिकी आणि सावकारी, धुणीभांडी करणाऱ्या बायका, आडनाव ऐकून नाकारलं जाणारं भाड्याचं घर. मंच जेमतेम दीड फूट उंच. पुढे सतरंज्या, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. प्रयोगाची वेळ रात्री साडेआठची, कारण कामावरून आलेल्या बायकांना स्वयंपाक, जेवणं उरकून येता आलं पाहिजे. शहराच्या नाट्यवर्तुळात याला ‘वेगळा प्रयोग’ म्हटलं जातंय. मला मात्र यात या शहराची जुनीच सवय दिसते, आणि म्हणूनच तिच्याबद्दल थोडं सांगावंसं वाटतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत जाऊन पाहा. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावातली इडापीडा घेऊन जाणाऱ्या बाईचे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघते. काळीची परंपरा 1881 पासूनची, पिवळीची 1885 पासूनची सांगतात. मारबतींच्या मिरवणुकीत बडगे असतात, म्हणजे बांबू, कागद आणि जुन्या कपड्यांचे पुतळे. प्रत्येकाच्या गळ्यात पाटी. पाटीवर महागाई, भ्रष्टाचार, पेपरफुटी, त्या वर्षी लोकांना जे छळत होतं ते सगळं. गर्दी ओरडते, ‘घेऊन जा गे मारबत!’ आणि शेवटी सगळं जाळलं जातं. लिहिलेली संहिता नाही, तालीम नाही, तिकीट नाही, तरी नट आहेत, नेपथ्य आहे, प्रेक्षक आहेत आणि राग आहे. नागपूरच्या पोरांना लहानपणीच कळतं की सत्तेला रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत नाव ठेवता येतं. पुढे पथनाट्य करणाऱ्या इथल्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट बाहेरून कोणी शिकवावी लागली नाही.

पूर्वेकडे गेलं की झाडीपट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत मंडप पडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे सगळ्यांचं वडसा, हे या नाटक कंपन्यांचं ठाणं. हुंडा, दारू, बुवाबाजी, जमिनीवरून फुटणारी घरं हे विषय इथल्या नाटकांत कायमचे. सोबत गाणी, लावणी, विनोदही भरपूर, आणि त्यावरून शहरातल्या समीक्षकांनी वर्षानुवर्षं नाकं मुरडली. ते मला कधीच पटलं नाही. हजारो माणसं थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर बसतात, त्यांना काय हवं हे झाडीपट्टीच्या नटांना नेमकं ठाऊक असतं. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा वडशातल्या किती घरांत डोळे भरून आले असतील! खडीगंमत आणि दंडार हे लोकनाट्याचे प्रकारही याच मातीतले. खडीगंमतीत डफ-तुणतुण्यावर शाहीर उभा राहून सवाल टाकतो, समोरचा जवाब देतो, आणि मधूनच प्रेक्षकही बोलून जातो.

नागपुरात मात्र या सगळ्याला वेगळी धार आली ती गिरण्यांमुळे आणि आंबेडकरी चळवळीमुळे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली आणि आसपासच्या खेड्यांतून माणसं शहरात आली. त्यांच्या वस्त्यांतून शिकलेली पहिली पिढी उभी राहिली. नागपूर जिल्ह्यातल्या मोहप्यात जन्मलेले किसन फागोजी बनसोडे यांनी 1907 मध्ये अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली, छापखाना घातला, वर्तमानपत्रं चालवली, कविता लिहिल्या आणि चोखोबांच्या आयुष्यावर नाटकही लिहिलं. म्हणजे जो माणूस शाळा काढतो, मजुरांसाठी पत्र चालवतो, त्याला नाटकही करावंसं वाटतं. पश्चिम महाराष्ट्रात गाण्यानाट्यातून प्रबोधन करणारे सत्यशोधक जलसे आणि पुढे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते, तेच काम इथे भजनी मंडळं, शाहीर आणि वस्तीतले हौशी नट करत होते. 1942 च्या जुलैत नागपुरात दलितांची अखिल भारतीय परिषद भरली. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर वस्तीवस्तीत विहारं उभी राहिली. विहाराचं अंगण ही नागपूरची सर्वांत मोठी नाट्यशाळा आहे, असं मी अगदी जबाबदारीनं म्हणतो. जयंतीच्या रात्री तिथेच पोरं पहिल्यांदा तोंडाला रंग लावतात.

या वाटेवरून आलेले सर्वांत ठळक नाव प्रेमानंद गज्वी यांचं. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या पिंपळगावचे. सत्तरच्या दशकातली त्यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका महाराष्ट्रभर झाली. तिला जवळजवळ काहीच लागत नाही. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, एक तहान आणि ती भागू न देणारी व्यवस्था, बस. म्हणून ती कुठल्याही अंगणात होऊ शकली. हेच गज्वी 2019 च्या फेब्रुवारीत नागपुरात भरलेल्या 99 व्या नाट्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आणखी एक धागा सहसा नाटकाच्या इतिहासात मोजला जात नाही. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना 1982 मध्ये नागपुरातच झाली. शाळेच्या पटांगणात कार्यकर्ता येतो, समिधांवर ‘मंतरलेलं तूप’ ओततो आणि काडी न लावता भडका उडतो. पोरांचे डोळे मोठे होतात. मग तो सांगतो की तूप म्हणजे ग्लिसरीन होतं आणि समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट. आधी फसवायचं आणि मग फसवणूक उघडी करून दाखवायची, याहून नेटकं नाट्य कोणतं? जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाला, त्याआधी अशा हजारो पटांगणांतून त्याची जमीन भुसभुशीत झाली होती.

हिवाळी अधिवेशनाचाही यात वाटा आहे. 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं, आणि राज्यभरातले मोर्चे डफ, हलगी, पोवाडे घेऊन येतात. 23 नोव्हेंबर 1994 ला त्यातल्याच एका मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 गोवारी बांधवांचा जीव गेला. झिरो माईलजवळचं त्यांचं स्मारक ओलांडताना आजही माझा पाय जड होतो. आपलं म्हणणं मांडायला आलेली साधी माणसं होती ती.

मोठ्या सभागृहांची गोष्ट थोडक्यात. जुनं धनवटे रंगमंदिर गेलं, त्याची हळहळ जुन्या पिढीला अजून आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या रंजन कला मंदिर या नाट्यसंस्थेनं नट घडवले, महेश एलकुंचवारांनी याच शहरात राहून मराठी नाटकाचा कस वाढवला. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागेत 2017 पासून सुरेश भट सभागृह आहे, तिथे सुमारे दोन हजार माणसं बसतात. पण वस्तीतल्या बारा पोरांच्या गटाला तिथलं भाडं, ध्वनी, प्रकाश आणि पन्नास प्रेक्षकांसमोर दिसणाऱ्या रिकाम्या रांगा यातलं काहीच परवडत नाही. त्यात संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांना मंजुरी देणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवायची असते, ते कागद करायलाही कोणीतरी जाणतं लागतं. राज्य नाट्य स्पर्धेपुरतं एक नाटक बसवायचं, एक प्रयोग करायचा आणि सामान माळ्यावर टाकायचं, असं कितीतरी चांगल्या नाटकांचं झालं.

समाजभवनाच्या नव्या हंगामात प्रत्येक नाटकाचे किमान चार प्रयोग होणार आहेत आणि त्यातले दोन दुसऱ्या वस्तीत. मला सर्वांत जास्त आनंद याचाच आहे. परवा तालीम पाहायला गेलो होतो. गटारात उतरण्याचा प्रसंग चालला होता. दाराशी उभ्या असलेल्या एका आजीनं नटाला मध्येच थांबवलं. ‘तसा नाई उतरत गा बाबू,’ त्या म्हणाल्या, ‘आधी दोर कमरेले बांधते, मंग काडी पेटवून पायते का अंदर गॅस हाय का.’ नटानं मान डोलावली, दोर मागवला आणि प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.