जपानी अक्षरं आणि ९२ नंबरचा घोळ

जपानी फाइल उघडली आणि पडद्यावर भलतीच अक्षरं आली, की हमखास सल्ला मिळतो, 'फॉन्ट टाका.' फॉन्ट नसेल तर बहुधा रिकामे चौकोन दिसतात. भलती अक्षरं आली, तर चूक आकडे वाचण्याच्या नियमात असते. जपानी लोक या प्रकाराला 'मोजिबाके' म्हणतात.

संगणक अक्षर नव्हे, त्याचा क्रमांक साठवतो. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच क्रमांक मावतात. पहिले १२८ आस्कीने, म्हणजे इंग्रजीने, आधीच अडवलेले. १९६९च्या जपानी मानकाने १६१ ते २२३ या जागा काताकाना लिपीला दिल्या. हजारोंनी असलेल्या कांजी, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांना जागाच उरली नाही. १९७८च्या मानकाने मग ९४ ओळी आणि ९४ स्तंभांचा तक्ता आखला आणि त्यात ६,३४९ कांजी बसवली. घरं एकूण ८,८३६, प्रत्येकासाठी दोन बाइट.

खरी करामत 'शिफ्ट-जिस' पद्धतीत आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती आली, तेव्हा अट अशी होती की जुन्या इंग्रजी आणि काताकानाला धक्का लागता कामा नये. म्हणून पहिल्या बाइटसाठी १२९ ते १५९ आणि २२४ ते २३९ असे ४७ आकडे घेतले. ४७ म्हणजे ९४ची बरोबर निम्मी! तेव्हा पहिल्या बाइटच्या प्रत्येक आकड्यात दोन ओळी बसवल्या. दोन ओळींची घरं १८८, म्हणजे दुसऱ्या बाइटला १८८ आकडे हवेत. १२८ ते २५५ या वरच्या अर्ध्या भागात तर आकडेच १२८. त्यामुळे दुसरा बाइट इंग्रजीच्या हद्दीत शिरला: ६४ ते १२६ हे ६३ आणि १२८ ते २५२ हे १२५. बेरीज बरोबर १८८. इतका चोख हिशेब क्वचित पाहायला मिळतो.

पण त्याच हद्दीत ९२ येतो, आणि आस्कीत ९२ म्हणजे बॅकस्लॅश. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्याचा अर्थ 'पुढचं चिन्ह वेगळ्या अर्थाने घे'. 'तक्ता' या अर्थाचं 'ह्यो' हे कांजी १४९, ९२ असं साठवलं जातं. काताकानातला 'सो' १३१, ९२ असा. शिफ्ट-जिस न ओळखणारा प्रोग्रॅम त्या ९२ला बॅकस्लॅश समजतो. मजकूर 'ह्यो'वर संपत असेल, तर पुढचं अवतरणचिन्हही मजकुरातच जमा होतं आणि वाक्य कुठे संपलं हेच त्याला कळत नाही. जपानी प्रोग्रॅमर अशा अक्षरानंतर आणखी एक बॅकस्लॅश लिहून वेळ मारून नेत.

'संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, असं नासा म्हणते' हा मेसेज अजून फिरतो. त्यामागचा नासाच्या केंद्रातले संशोधक रिक ब्रिग्ज यांचा १९८५चा लेख व्याकरणाच्या विश्लेषणाबद्दल होता. यंत्राला कुठलीच लिपी जवळची नसते; जागा माणसांनी वाटायच्या असतात.

ती वाटणी १९९२मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या नव्या पद्धतीत नीट केली. तिथे बहुबाइटी अक्षराचा कोणताही बाइट १२८च्या खाली येत नाही. 'ह्यो' झालं २३२, १६१, १६८. आपला 'म' २२४, १६४, १७४. ९२ फक्त बॅकस्लॅशचा. शिफ्ट-जिसमधल्या जुन्या फाइली मात्र जपानमध्ये अजून भरपूर आहेत, आणि त्या उघडताना पद्धत ओळखून सांगावीच लागते.