हातोडा उसळला म्हणजे खडक लागला?

बांधकामाच्या साइटवर हमखास ऐकू येतं: 'एसपीटीचा हातोडा उसळला, खडक लागला, बोअर थांबवा.' असं काही नसतं.

एसपीटी म्हणजे स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट, जमीन किती घट्ट आहे ते ठोकून बघायची चाचणी. तीत 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून सोडून बोअरच्या तळाशी पोकळ नळी ठोकतात. पहिले 15 सेंटिमीटर सोडून पुढच्या 30 सेंटिमीटरना लागलेले ठोके, तो 'एन'. ही चाचणी मुळात मातीची, त्यातही वाळूची. नळी आत जाईना, एवढंच ती सांगते. का जाईना, ते नाही. दख्खनच्या बेसॉल्टात तर मुरमामध्ये कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे अडकलेले असतात. ठोके गोट्यावर बसले की आकडा झकास, आणि खाली पुन्हा मुरूमच!

म्हणून तिथून पुढे कोअर, म्हणजे खडकाचा कापलेला दंडगोल नमुना, काढायचा. 10 सेंटिमीटर वा त्याहून लांब, घट्ट तुकड्यांची बेरीज भागिले त्या फेरीत पाडलेली लांबी, ही टक्केवारी म्हणजे आरक्यूडी (रॉक क्वालिटी डेझिग्नेशन): खडक किती अखंड आहे याचं माप. थर दाबाखाली किती चेपतो हे हवं असेल, तर बोअरमध्ये प्रेशरमीटर, म्हणजे फुगणारी नळी, सोडून फुगवतात. फ्रान्सच्या लुई मेनार यांनी तो 1950च्या दशकात आणला. खर्च वाढतो, हे खरं. पण गोट्यावर टेकवलेला पाइल (पायाचा जमिनीत खोल नेलेला खांब) खचल्यावर येणारं बिल त्याहून मोठं असतं.